मीटरबाई आणि दारावरची पाटी

मीटरबाई पानाजवळ श्वास घेत नसत. हे मी फुगवून सांगत नाही. लातूरजवळच्या आमच्या संशोधन केंद्रात सोयाबीनच्या पानाला यंत्राचा चिमटा लावायची वेळ आली, की त्या आधी मान वळवून छातीभर हवा भरून घेत, ओठ मिटत, आणि मगच पानाकडे वळत. पान हवेतला कर्बवायू किती ओढून घेतं, हे ते यंत्र मोजायचं. माणसाच्या उच्छ्वासात तोच वायू खच्चून भरलेला. त्यामुळे यंत्राशेजारी कुणी नुसतं 'हं' म्हटलं तरी पडद्यावरचा आकडा उडी मारायचा आणि सकाळची मेहनत पाण्यात जायची. आकडा स्थिर होईपर्यंत बाईंची नाकपुडीसुद्धा हलत नसे.

त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते कुणी घेत नसे. शेतावरच्या बायकांनी त्यांना मीटरबाई करून टाकलं होतं आणि त्यांनाही ते आवडायचं. खांद्याला यंत्राची पेटी, कमरेला पानाचा हिरवेपणा मोजायचं छोटं मीटर, हातात फूटपट्टी आणि कानावर पेन्सिल, असा त्यांचा सगळा जामानिमा. मूळच्या मुदखेडच्या. त्यांच्या बौद्ध घरात कॉलेजात गेलेल्या त्या पहिल्या. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणायच्या, "सकाळी नऊला पान मोजायला घ्यावं लागतंय. नवऱ्याचा डबा कोण करंल?"

आता त्या नाहीत. त्या असताना जे एका माणसाला सांगायचं माझ्याच्याने झालं नाही, ते आता सगळ्यांना सांगतोय, म्हणजे किती उशिरा आलेली ही हिंमत आहे ते बघा. आमच्या केंद्रातल्या एका बंद खोलीत दोन बायकांचा जीव जाता जाता राहिला. चूक माझी होती. नाव मीटरबाईंचं लागलं. आणि ते तसं लागू देणारा मीच.

मी बिलोलीहून पीएच.डी.साठी तिथं गेलो, तेव्हा स्वतःला फार हुशार समजत होतो. पहिल्याच सकाळी यंत्रावर ओणवा होऊन मी इंग्रजीत काहीतरी शहाणपणाचं बोललो आणि आकडा भडकला. मीटरबाईंनी यंत्र माझ्या हातातून काढून घेतलं. "बिलोलीकर, पानाला तुझं भाषण ऐकायचं न्हाई. दम धर, न्हाईतर बांधावर जाऊन बस," म्हणाल्या. त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी बिलोलीकरच राहिलो. माझं नाव त्यांनी फक्त एकदा घेतलं, ते पुढे सांगतो.

असा श्वासाने बिघडलेला आकडा त्या खोडत नसत. खोडरबर त्यांना मुळीच खपायचं नाही. आकड्यावर पेन्सिलीची एक आडवी रेघ मारायची, शेजारी बारीक 'श्वा.' लिहायचं, आणि खाली नवा आकडा घ्यायचा, तोही एकदा नाही, तीनदा. म्हणजे नंतर वही पाहणाऱ्याला कळावं, की इथे माणूस आडवा आला होता. त्यांची वीस-बावीस वर्षांची वह्यांची चळत कपाटात होती आणि त्यात हे 'श्वा.' जागोजाग दिसायचं. "आकडा येडावाकडा आला की आधी स्वतःवर संशय घे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "पानावर घेऊ नको, यंत्रावर घेऊ नको. आधी मी काय केलं ते बघायचं." मला ते वाक्य इतकं पटलं की मी ते माझ्या टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवलं होतं.

अक्षराबाबत तर त्या छळायच्या. माझा एक आणि सात सारखाच दिसतो म्हणून त्यांनी मला, चांगल्या एम.एस्सी. झालेल्या माणसाला, आठवडाभर आकडे गिरवायला लावले. चिडायचो मी. पण तीन-चार महिन्यांत माझे आकडे हुबेहूब त्यांच्यासारखे उमटू लागले. साहेब, म्हणजे आमचे विभागप्रमुख, एकदा वही चाळताना म्हणाले, "यातलं तुमचं कोणतं आणि बाईंचं कोणतं, काही समजत नाही." मीटरबाई खूश झाल्या होत्या. मलाही बरं वाटलं होतं.

त्यांचं माणसांत फारसं मन रमायचं नाही. अपवाद एकच, कोंडाबाई. कोंडाबाई रोजंदारीवर कुंड्यांना पाणी घालायला येई. लिहिता-वाचता यायचं नाही, पण कुठली कुंडी तहानलेली आहे ते लांबून ओळखायची. मीटरबाई आधी तिचा अंदाज ऐकायच्या, मग मीटर लावायच्या, आणि दोन्ही जुळलं की दोघी एकमेकींकडे बघून हसायच्या. दहा वाजता दोघी भट्टीच्या खोलीत, जिथे पानं वाळवून त्यांचं वजन करायचे तिथे, डबा उघडायच्या. कोंडाबाईची ज्वारीची भाकर मीटरबाई खायच्या आणि मीटरबाईंच्या पोळ्या कोंडाबाई. मी एकदा मध्येच विचारलं, मला कोण देणार, तर कोंडाबाई म्हणाली, "तुमी साळंतले लोक, तुमी यंत्र खा."

मग ती खोली आली. पुढच्या काळात हवेत कर्बवायू वाढला तर सोयाबीनचं काय होईल, हे बघण्यासाठी बांधलेली बंद खोली. आत दिवसभर दिव्यांचा पांढरा उजेड, पंख्यांची न थांबणारी घरघर, जाड दाराला रबराची पट्टी. बाहेर भिंतीला साखळीने बांधलेली वायूची नळकांडी, तिथून नळीने वायू आत. आतली रोपं भराभर वाढली, पानं तळहातापेक्षा मोठी झाली. साहेब पाहुण्यांना आणून दाखवायचे. मीटरबाईंना मात्र ती खोली कधीच आवडली नाही. "इथं माणसानं बोलू नये असं वाटून राहिलंय," त्या म्हणायच्या, आणि काम संपलं की लगेच बाहेर पडायच्या.

आतला वायू प्रमाणाबाहेर गेला तर वाजणारा एक भोंगा दारावर होता. तो बिघडला आणि दुरुस्तीला गेला. गेला तो गेलाच. त्याच दिवसांत कोंडाबाईनं खालच्या रांगेतल्या कुंड्यांशी मेलेली पाल झाडून काढली. दोन दिवसांनी आणखी एक, आणि नाल्याच्या जाळीपाशी झुरळांचा खच. तिनं ते सुपलीत भरून मीटरबाईंना आणून दाखवलं. बाई बराच वेळ त्या सुपलीकडे बघत राहिल्या. हा वायू हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो, हे त्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. परीक्षेत लिहून आलो होतो.

त्या साहेबांकडे गेल्या. मी सोबत होतो. भोंगा येईपर्यंत खोली बंद ठेवा म्हणाल्या. साहेब म्हणाले, बंद केली तर सगळा प्रयोग मरेल, महिनाअखेर तपासणीला लोक येणार आहेत, आणि पाली काय, औषध मारलंय परवा, त्यानं मेल्या असतील. मीटरबाई म्हणाल्या, "साहेब, पालीचं सोडा. आत कोंडाबाई वाकून पाणी घालती." साहेबांनी फाइल पुढे ओढली. तेवढ्यावर बोलणं संपलं. हे सगळं तोंडी झालं, कागदावर काही नाही. माणसं लिहून का देत नाहीत हे मला आता कळतं. रोज ज्याच्यापुढे उभं राहायचंय त्याच्या नावानं कागद काढायला हात धजत नाही.

मग बाईंनी स्वतःच एक पद्धत घातली. रोज सकाळी कुणी आत जाण्याआधी हातातल्या यंत्रानं उंबऱ्यातून खोलीतली हवा मोजायची. आकडा वहीत लिहायचा. नेहमीसारखा असेल तर दारावर टांगलेल्या पाटीवर खडूनं बरोबरची खूण करायची. जास्त असेल तर खूण नाही आणि दाराला कुलूप. कोंडाबाईला त्यांनी हात धरून पाटीपुढे उभं केलं. "ही खूण दिसल्याबिगर आत पाय टाकायचा न्हाई. साहेबानं सांगितलं तरी न्हाई. समजलं?" कोंडाबाई म्हणाली, "तुमची खूण आसली की मला कशाचं भ्या?" सकाळचा आकडा घ्यायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं; कोंडाबाई खोलीकडे यायच्या आत ते व्हायचं, तिला नुसती खूण दिसायची. मला तो मान वाटला.

पहिल्या आठवड्यात आकडा दोनदा जास्त आला. थांबून, श्वास आवरून पुन्हा घेतला तर नीट आला. म्हणजे श्वासच. दोन्हीवर रेघ मारली, 'श्वा.' लिहिलं, बाईंनी मान डोलावली. पुढच्या आठवड्यात तीनदा जास्त आला आणि मी पुन्हा घ्यायचा कंटाळा केला. रेघ मारली, 'श्वा.' लिहिलं, आणि खाली आदल्या दिवशीचाच आकडा उतरवला. काही झालं नाही. काही झालं नाही म्हणून मी निर्ढावलो, दुसरं काय.

तो सोमवार होता. रविवारभर खोलीत कुणी फिरकलं नव्हतं आणि आतल्या नळीचा सांधा तडकला होता, हे नंतर कळलं. बस चुकली म्हणून मी फाटकापासून पळत आलो होतो. धापा टाकतच दार किलकिलं केलं, यंत्र आत धरलं. आकडा रोजच्या चौपट. मी मनात म्हटलं, हा माझाच दम लागलाय. आधी स्वतःवर संशय घे, तर घेतला. रेघ मारली. 'श्वा.' लिहिलं. खाली नेहमीचा आकडा, पाटीवर बरोबरची खूण, आणि ऊन चढायच्या आत शेतावरची पानं उरकायची म्हणून तसाच पुढे पळालो.

कोंडाबाई बाहेरच्या कुंड्या उरकून पावणेदहाच्या सुमारास आली आणि खूण बघून आत गेली. वरच्या रांगेला पाणी घातलं आणि खालच्या रांगेसाठी वाकली. ती काही उठली नाही. दहा वाजले तरी डबा खायला आली नाही म्हणून मीटरबाई बघायला आल्या, तर दाराखालून पाणी वाहत होतं. त्यांनी हाक मारली नाही, आत धावल्या नाहीत. बाहेरच छातीभर हवा घेतली आणि मग गेल्या. मी शेतावरून येत होतो. मी पोचलो तेव्हा त्या कोंडाबाईला काखेत हात घालून दारापर्यंत ओढत आणत होत्या, चेहरा काळानिळा पडलेला, ओठ गच्च मिटलेले. दोन हात अंतर उरलं असताना त्यांना श्वास घ्यावाच लागला. तो आतला श्वास. त्या तिथेच कोसळल्या आणि उंबऱ्याच्या लोखंडी पट्टीवर डोकं आपटलं. मी दोघींना बाहेर ओढलं, फोन केला, गाडी आली. लोक म्हणाले, मी जीव वाचवला.

कोंडाबाई आठवड्यात बरी झाली. मीटरबाई महिनाभर दवाखान्यात होत्या. डोक्याच्या मारानं त्यांची नजर कागदावर ठरत नव्हती. आकडा वाचेवाचेपर्यंत विसरायच्या. मी रोज जायचो, स्टुलावर बसायचो आणि हवापाण्याचं बोलून परत यायचो.

चौकशीला तीन माणसं आली. टेबलावर वही. त्यांनी पानं उलटली, त्या रेघा पाहिल्या, सोमवारचा आकडा पाहिला. त्यांना एक नाव हवं होतं. "हे कुणी लिहिलं?" मी पुढे सरकलो. खरंच सरकलो होतो, एवढं तरी खरं माना. मीटरबाई खुर्चीत बसल्या होत्या, डोक्याला पट्टी. मी तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या, "सकाळचा आकडा मीच घेतला. खूण मीच केली." साहेब खिडकीकडे बघत होते. चौकशीवाल्यांनी जुन्या वह्यांशी अक्षर ताडून पाहिलं आणि ते जुळलं. जन्मात एक खोटा आकडा न लिहिलेल्या बाईनं एवढं धडधडीत खोटं सांगितलं आणि मी उघडलेलं तोंड मिटून घेतलं.

बाहेर व्हरांड्यात मी त्यांना म्हणालो, ताई, हे काय केलंत? त्या भिंतीला धरून उभ्या होत्या. "माझं आता मोजून झालं," म्हणाल्या. "ह्या डोक्यानं काय मोजणार? तुझं व्हायचंय अजून." मग जरा थांबून, "आणि शिकवलं मीच ना. स्वतःवर संशय घे म्हणाले, पण खोलीवर कधी घ्यायचा ते सांगायचं राहिलं. अर्धंच शिकवलं." मी रडलो. त्यांनी मला रडू दिलं.

त्यांना यंत्रांपासून दूर केलं. इस्लापूरकडच्या एका बियाण्याच्या गोदामावर बदली झाली, पोत्यांवर चिठ्ठ्या बांधायला. जाण्याआधी त्या कोंडाबाईला भेटायला भट्टीच्या खोलीत गेल्या. मी दारात होतो. कोंडाबाई भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "तुमची खूण बघून गेले मी. माझ्या जागी माझी सून आसती, पोटुशी, तर?" बाईंनी नाही, मी केलं, एवढं म्हणायला मला किती वेळ लागला असता? मीटरबाईंनी माझ्याकडे बघितलं नाही, याची काळजी घेऊनच बघितलं नाही. मग त्या निघाल्या.

मला पदवी मिळाली. तोपर्यंत तिथेच होतो. कोंडाबाई मला जीव वाचवणारा समजायची. हंगामात हुरडा आणायची, रोज कपभर चहा करून द्यायची. मी घ्यायचो. नांदेडच्या कॉलेजात नोकरी लागल्यावरही प्रयोगाच्या कामानं लातूरला गेलो की तिच्या गावी थांबायचो आणि चहा घेऊन यायचो.

मीटरबाई निवृत्त होऊन मुदखेडला भाच्याकडे राहिल्या, तेव्हा मी एकदा गेलो. थकल्या होत्या, थोडं चाललं तरी धाप लागायची. पहिला प्रश्न, "कोंडाबाई कशी हाय?" बरी आहे म्हणालो. "दोनदा निरोप धाडला तिला, भाकर खायला ये म्हणून. आली न्हाई." मी म्हणालो, ताई, मी तिला सगळं सांगतो. त्यांनी तेव्हा माझं नाव घेतलं, खरं नाव. म्हणाल्या, "सांग. साहेबाला सांगू नको, ऑफिसाला सांगू नको, माझं काही अडलं न्हाई त्यांच्यावाचून. तिला सांग. तिला वाटून राहिलंय मी तिच्या जिवाशी खेळले." मी म्हणालो, पुढच्याच आठवड्यात जातो.

पुढच्या आठवड्यात परीक्षा होत्या. मग नोकरी कायम व्हायची होती, आणि गोष्ट फुटली तर काय, असं मनात आलं. मग पेरणी. मग लाज, की इतके दिवस गेले आता कसं सांगायचं. दोन वर्षं अशी गेली. भाच्याचा फोन आला तेव्हा मी वर्गात होतो. फुप्फुसानं दगा दिला म्हणाला. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मुदखेडला गेलो. वंदना झाली, लोक त्यांच्याबद्दल चांगलं बोलले. एकानं तर म्हटलं, नोकरीत एक चूक झाली बिचारीची, नाहीतर बाई फार काटेकोर. मी खाली बघत बसलो.

तिथून थेट कोंडाबाईचं गाव गाठलं. दुपार होती. ती ओसरीवर तूर निवडत होती. मला बघून नेहमीसारखी उठली, चहा टाकला, कप हातात दिला आणि समोर बसली. मी सगळं सांगितलं. बस, धाप, रेघ, खूण, चौकशी. तिचे हात सुपात थांबले होते.

"बाई कुठं हाय आता?" तिनं विचारलं.

"गेल्या. आठ दिवस झाले."

तिनं सूप बाजूला सारलं. मग म्हणाली, "दोनदा बोलावलं व्हतं रे तिनं मला." आणि माझ्याकडे वळून, "तुला ठावं व्हतं. आन् तू इतकी वर्सं माझ्या हातचा च्या पिऊन राहिलास?"

"हाव," मी म्हणालो.

ती उठली. माझ्या हातातला कप घेतला आणि चहा अंगणात ओतून दिला.